सुवर्णकाळाच्या फायली

(अकादमीच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे लेखरूप)



'वृत्तपत्रांचा सुवर्णकाळ' हा विषय अकादमीने मला दिला आहे. या विषयावर बोलायला उभा राहणारा माणूस बहुधा दोन गोष्टी करतो. आधी टिळक, आगरकर, अत्रे अशी मोठ्या संपादकांची नावे घेतो आणि मग आजच्या छापील पानाकडे बोट दाखवून सुस्कारा सोडतो. श्रोते माना डोलावतात. घरी जाताना सगळ्यांना थोडे हळवे वाटते आणि थोडे बरेही वाटते. अशा स्मरणरंजनाशी माझे भांडण नाही. पण त्यात एक मोठी सोय आहे. गेलेल्या काळाबद्दल हळहळायला काही खर्च येत नाही. त्या काळाचे जे काही आजही आपल्या हाती शिल्लक आहे, ते जपायला मात्र कष्ट पडतात, जागा लागते, पैसा लागतो.

आज मला त्या शिल्लक ऐवजाबद्दल बोलायचे आहे. तो ऐवज म्हणजे जुन्या अंकांच्या बांधीव फायली. त्यांत काय आहे, महाराष्ट्राबाहेरच्या मराठी समाजाला त्यांचे मोल अधिक का आहे आणि त्या कशा नाहीशा होत चालल्या आहेत, एवढेच मी मांडणार आहे.

पहिल्यांदा आपल्या गोव्याचेच पाहू. मुद्रणाच्या इतिहासात गोव्याचा मान पहिला. १५५६ साली इथे छापखाना आला. भारतातला तो पहिला. १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' इथेच छापून निघाले. ओव्या मराठीच्या, पण अक्षरे रोमन. म्हणजे यंत्र आपल्या दारात होते, भाषा आपल्या तोंडी होती. पण आपली लिपी आणि आपला वाचक यांची त्या यंत्राशी गाठ पडायला आणखी फार मोठा काळ जावा लागला. ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' निघाले. एका बाजूला इंग्रजी आणि एका बाजूला मराठी मजकूर असलेले ते पत्र. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात पणजीत पोर्तुगीज सरकारने सार्वजनिक ग्रंथालय स्थापन केले. आज आपण त्याला कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय म्हणून ओळखतो. वृत्तपत्र आणि ते सांभाळून ठेवणारे घर, दोन्ही एकाच वर्षातली. हा योगायोग विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावा, कारण माझ्या बोलण्याचा शेवट याच दोन गोष्टींशी होणार आहे.

१९१० साली पोर्तुगालमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले आणि गोव्यातल्या हिंदू समाजाला नागरी हक्कांचे दार थोडे उघडले. पाठोपाठ १९१२ साली गोविंद पुंडलीक हेगडे देसाई यांनी केपे येथून 'भारत' सुरू केले. मराठी आणि पोर्तुगीज अशा दोन्ही भाषांत ते निघे. त्यामागे साधे व्यवहारज्ञान होते. राज्यकर्त्याला ऐकवायचे असेल तर त्याच्या भाषेत आणि आपल्या माणसाला जागे करायचे असेल तर आपल्या भाषेत. हेगडे देसाई यांना त्यासाठी खटले सोसावे लागले. पुढे सालाझारची राजवट आली आणि मजकूर छापण्याआधी सेन्सॉरकडे नेण्याची सक्ती आली. पोर्तुगालमधल्या वृत्तपत्रांवर तर 'सेन्सॉरने पाहिले' या अर्थाची ओळ अंकातच छापली जाई. वाचकाला ती रोज दिसे आणि आपल्याला जे वाचायला मिळते आहे त्यातून काहीतरी आधीच काढून घेतलेले आहे, हेही रोज कळे. सुवर्णकाळाबद्दल बोलताना ही ओळ विसरता येत नाही.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. पुरते शंभर दिवसही उलटले नव्हते, तोच २४ मार्च १९६२ रोजी पणजीत दैनिक 'गोमन्तक' निघाले. बा. द. सातोस्कर त्याचे पहिले संपादक. 'गोमंतक : प्रकृती आणि संस्कृती' हा आपल्या प्रदेशाचा मोठा आलेख ज्यांनी पुढे लिहिला तेच हे सातोस्कर. १९६३ च्या डिसेंबरात पहिली निवडणूक झाली, भाऊसाहेब बांदोडकरांचे सरकार आले आणि खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. शाळेने अक्षर दिले आणि दैनिकाने त्या अक्षराला रोजचे काम दिले. शाळेत शिकलेले वाचन टिकते ते वाचायला काहीतरी दारात येत असेल तरच. ज्या घरात पंचांग आणि पोथी यांखेरीज छापील कागद नव्हता, तिथे मुलगा शेजाऱ्याचा पेपर आणून आजोबांना मोठ्याने वाचून दाखवू लागला. त्या पिढीतल्या वाचकांची खरी घडण या दोन ठिकाणी मिळून झाली.

आता गोव्याबाहेर नजर टाकू, कारण हे केवळ आपलेच वैशिष्ट्य नाही. बेळगावात बाबूराव ठाकूर यांनी १९१९ साली 'तरुण भारत' सुरू केले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर कचेरीची आणि फलकाची भाषा बदलली, तरी सकाळच्या अंकाची भाषा बदलली नाही. हैदराबाद संस्थानात कारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. तिथे १९२० साली लक्ष्मणराव फाटक यांचे 'निजाम विजय' निघाले. १९३८ साली आ. कृ. वाघमारे यांनी 'मराठवाडा' काढले. निजाम सरकारने त्यावर बंदी घातली, तेव्हा ते दुसऱ्या नावाने निघाले; त्यावर बंदी आली, तेव्हा तिसऱ्या नावाने. पत्राचे नाव गेले तरी चालेल, पण वाचकाशी बोलणे थांबता कामा नये, असा तो हट्ट होता. बडोद्यात भगवंतराव पाळेकर यांनी १९१७ पासून पुढे तीस वर्षांहून अधिक काळ 'जागृति' चालवले. त्याच बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९१० पासून सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे उभारायला सुरुवात केली होती.

या सगळ्या ठिकाणांना जोडणारी एक गोष्ट आहे. पुण्या-मुंबईच्या वाचकाला मराठी भेटायला शंभर जागा होत्या. महाविद्यालय होते, नाट्यगृह होते, न्यायालयाच्या आवारातसुद्धा मराठीच बोलली जात होती. आपल्याकडे सरकारी अर्ज एका भाषेत, कोर्टाचा कागद दुसऱ्या भाषेत, बाजार तिसऱ्या भाषेत. मराठी घरात, देवळात आणि भजनात होती, पण चारचौघांच्या व्यवहारात तिची रोजची जागा एकच आणि ती म्हणजे वर्तमानपत्र. म्हणून आपल्या वृत्तपत्रांकडे केवळ पत्रकारितेच्या इतिहासातले एक प्रकरण म्हणून पाहून चालत नाही. आपला समाज सार्वजनिक जीवनात मराठीत कसा बोलला, कशावर भांडला, कशाला हसला याचा जवळजवळ एकमेव सलग पुरावा त्या पानांत आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण १९६७ च्या जनमत कौलाचे आहे. १६ जानेवारीला मतदान झाले. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली, विरोधात १,७२,१९१. फरक ३४,०२१ मतांचा. विलीनीकरणाच्या बाजूने 'गोमन्तक' उभा होता, हे सर्वांना ठाऊक आहे. पण विरोधी बाजूचा मोठा आवाज असलेले चंद्रकांत केणी यांचे 'राष्ट्रमत' हेही मराठी दैनिकच होते. उदय भेंब्रे यांचे गाजलेले 'ब्रह्मास्त्र' हे सदर त्यातच येत होते. गोव्याचे वेगळेपण आणि कोंकणीची अस्मिता यांची बाजू मराठी वाचकासमोर मराठीतून मांडली गेली. या सभागृहात त्या कौलाबद्दल दोन मते असू शकतात आणि असावीत. माझा मुद्दा निराळा आहे. मराठी ही त्या वादातली एका पक्षाची भाषा नव्हती, ती वादाचे मैदान होती. एकाच भाषेत दोन्ही बाजू रोज सकाळी एकमेकींना उत्तरे देत होत्या आणि वाचक दोन्ही वाचून आपले मत ठरवत होता. सुवर्णकाळ असे काही असेल तर मला तो इथे दिसतो. दोन्ही दैनिकांचे अंक समोरासमोर ठेवून त्या दिवसांचा अभ्यास करावा, अशी इच्छा एखाद्या विद्यार्थ्याला आज झाली, तर दोन्हीकडचे सगळे अंक त्याला मिळायला हवेत. एका बाजूची फाईल टिकली आणि दुसऱ्या बाजूची गेली, तर इतिहास आपोआप एकतर्फी होतो. त्यासाठी कोणाला खोटे बोलावे लागत नाही. वाळवी पुरते.

हे पान तयार कसे होई, तेही थोडे सांगतो, कारण आजच्या विद्यार्थ्यांनी ते पाहिलेले नाही. वृत्तसंस्थांच्या बहुतेक तारा इंग्रजीत येत. टेलिप्रिंटर खडखडत असे आणि कागदाची लांबच लांब पट्टी बाहेर पडत असे. रात्रपाळीचा उपसंपादक ती फाडून घेई, बातमी निवडी आणि तासाभरात ती मराठीत उतरवी. अर्थसंकल्प, युद्ध, क्रिकेट, चंद्रावरचा माणूस, सगळे त्याच टेबलावर. शब्दकोश उघडायला वेळ नसे, म्हणून शब्द जागेवरच घडवावा लागे. काही शब्द दुसऱ्या दिवशी मरून जात, काही टिकत आणि पुढे आपण ते जन्मापासूनचे असल्यासारखे वापरत असू. आज आपल्या बोलण्यात असलेली राज्यकारभाराची, खेळाची, हवामानाची पुष्कळशी मराठी अशा निनावी माणसांनी रात्री दोनच्या सुमाराला घडवलेली आहे. भाषासंचालनालयांनी परिभाषा केली हे खरे, पण ती लोकांच्या तोंडी बसवली उपसंपादकांनी.

मग तो कागद जुळाऱ्याकडे जाई. समोर खिळ्यांच्या केसी, हातात स्टिक. देवनागरीत काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरे मिळून खिळ्यांची संख्या काही शेकड्यांत जाते, आणि जुळाऱ्याचा हात न बघता नेमक्या कप्प्यात जात असे. मजकूर उलटा वाचायची त्याला सवय असे. गॅलीवरून प्रूफ निघे, मुद्रितशोधक त्यावर खुणा करी. इतके करूनही मुद्राराक्षस आपला हिस्सा घेतल्याशिवाय राहत नसे. पण त्या साखळीत एकेक वाक्य तीन-चार माणसांच्या नजरेखालून जाई आणि त्यातल्या निदान एकाला ऱ्हस्व-दीर्घाची चाड असे. आज लिहिणारा, तपासणारा आणि छापणारा हा एकच माणूस असतो आणि त्याच्याकडे वेळ नसतो. शुद्धलेखन बिघडले म्हणून आपण त्या माणसाला बोल लावतो. साखळी कोणी तोडली, हा प्रश्न आपण विचारत नाही.

तालुक्यांतून बातमी कशी येई? वार्ताहर ती हाताने लिहून बसवाहकाच्या हाती पाकीट देई. मानधन छापून आलेल्या मजकुराच्या लांबीवर, तेही नाममात्र. हे वार्ताहर पुष्कळदा प्राथमिक शाळेतले शिक्षक असत. समोर शिक्षक बसले आहेत म्हणून मुद्दाम सांगतो. काणकोणातल्या जत्रेची, सत्तरीतल्या पुलाच्या मागणीची, पेडण्यातल्या नाट्यस्पर्धेची बातमी जर आज कुठे सापडत असेल, तर ती तुमच्याच पेशातल्या कुणीतरी दिवसाची शाळा सुटल्यावर लिहिलेली असण्याची शक्यता मोठी आहे.

आता जरा उलट बाजूने बोलतो, कारण नुसते कौतुक म्हणजे अर्धा इतिहास. हा काळ सर्वांसाठी सोन्याचा होता का? १९२० साली डॉ. आंबेडकरांनी 'मूकनायक' सुरू केले. त्याची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नाही, हे त्यांनी स्वतः नोंदवून ठेवले आहे. 'मूकनायक' हे नावच सांगते की मराठीत वृत्तपत्रे निघू लागून जवळजवळ नव्वद वर्षे झाली, तरी समाजाचा एक मोठा भाग त्यांत मुकाच होता. त्याआधी १८७७ साली कृष्णराव भालेकरांना 'दीनबंधू' काढावे लागले तेही याच कारणाने. स्त्रियांचे नाव पुरवणीत पाककृतीखाली येई, बातमीखाली क्वचितच. आपल्या गोव्यातही प्रमुख मराठी दैनिके ज्या उद्योगघराण्यांनी काढली, त्यांचा मुख्य व्यवसाय खाणीचा होता. वृत्तपत्र चालवायला भांडवल लागते आणि ते त्यांनी दिले, हे ऋण आहेच. पण खाण आणि छापखाना यांचा मालक एकच असतो, तेव्हा कोणत्या बातम्या कुठे आणि किती आल्या हे अभ्यासकाने विचारलेच पाहिजे. ते विचारायलाही जुन्या फायलीच हव्यात. त्या काळावर प्रेम करणाऱ्यालाही त्या लागतात आणि त्याची झाडाझडती घेणाऱ्यालाही.

तर मग गेले काय? वृत्तपत्रे गेली असे म्हणता येत नाही. आजही या छोट्या राज्यात मराठी दैनिके अनेक आहेत. छपाई रंगीत आहे, पाने अधिक आहेत. गेली ती दुसरीच गोष्ट. पूर्वी संपूर्ण गोवा एकच पान वाचत असे. आता आवृत्त्या आणि तालुकावार पुरवण्या झाल्या. वाचकाला आपल्या गावची बातमी जास्त मिळते, शेजारच्या तालुक्याची मिळेनाशी होते. पूर्वी वाचकांच्या पत्रव्यवहाराचे सदर असे. पोस्टकार्डावर लिहिलेले पत्र येई, त्याला कुणी आठवड्याने उत्तर देई, त्यावर तिसरा लिही. राग यायला, तो शमायला आणि मग मुद्दा सुचायला मध्ये आठ दिवस मिळत. आमच्याकडच्या कित्येक लेखकांचे पहिले छापील वाक्य त्या सदरात आलेले आहे. आज मत मांडायला आठ सेकंद लागतात आणि आठ दिवसांनी ते कुणालाच सापडत नाही.

आणि इथे मी फायलींकडे येतो.

वर्तमानपत्राचा कागद टिकण्यासाठी केलेला नसतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत कागद बहुतांशी चिंध्यांपासून होई. त्यानंतर लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला. त्यात लिग्निन राहते, प्रकाशाने ते पिवळे पडते, कागदातले आम्ल धागे तोडत जाते आणि घडीवर पान तुटते. म्हणून कधी कधी १८४० सालचा कागद १९६७ च्या कागदापेक्षा धडधाकट दिसतो. त्यात आपली कोकणपट्टीची हवा. चार महिने ओल, उरलेले आठ महिने कसर आणि वाळवी. बांधणी करताना समास कापला जातो, कडेच्या ओळी जातात. गावच्या वाचनालयात जागा संपली की सर्वांत आधी रद्दीत जातात ते जुने अंक, कारण पुस्तकावर दाखल क्रमांक असतो, अंकावर नसतो.

कुणी म्हणेल, आता सगळे संगणकावर आहे. इथे एक गोष्ट ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल. धोका जुन्या कागदाला आहे तसाच, काही बाबतीत त्याहून अधिक, संगणकाच्या पहिल्या पंधरा-वीस वर्षांतल्या मजकुराला आहे. खिळे गेले आणि १९९० च्या दशकात मराठी अंक संगणकावर जुळू लागले, तेव्हा युनिकोड वापरात नव्हते. प्रत्येक कंपनीचा फाँट वेगळा आणि त्यामागची सांकेतिक रचनाही वेगळी. श्रीलिपी, आकृती असे फाँट ज्यांनी वापरले आहेत त्यांना आठवत असेल. ती फाईल आज तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडा. मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता खच दिसतो. शोधयंत्राला त्यात एकही मराठी शब्द सापडत नाही. रूपांतराची साधने आहेत, पण ती चालवायला फाईल हाती हवी. फ्लॉपी आणि सीडी कुठे आहेत? म्हणजे त्या वर्षांपुरता आपला आधार पुन्हा छापील अंकच आहे. आणि 'आता संगणकावर आहेच' या भरवशावर नेमक्या त्याच वर्षांच्या छापील फायली ठेवण्यात ढिलाई झाली.

कायदा आपल्या बाजूने आहे. ग्रंथ ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना पाठवण्याचा कायदा १९५४ सालचा. १९५६ च्या दुरुस्तीने त्यात वृत्तपत्रे आली. त्यानुसार कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात अंक पोचायला हवा. पण केप्याच्या विद्यार्थ्याला कोलकाता दूर आहे आणि तालुक्याची पुरवणी तिथपर्यंत कुणी पाठवली असेल यावर मी तरी विसंबणार नाही. दुसरी कायद्याची बाजू प्रताधिकाराची. पुष्कळ संस्था 'हक्क कुणाचा' या भीतीने अंकांचे स्कॅनिंग करत नाहीत. आपल्या प्रताधिकार कायद्यानुसार निनावी लेखनावरचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपतो. म्हणजे १९६२ साली छापलेल्या निनावी बातम्या आणि स्फुटे यांच्यावरचा तो हक्क २०२२ च्या अखेरीस संपला. सही असलेल्या लेखांचा हिशेब लेखकाच्या मृत्यूनंतरच्या साठ वर्षांचा, तो वेगळा. पण पानाचा मोठा भाग निनावीच असतो. दर वर्षी एकेका वर्षाचा तो मजकूर सर्वांचा होत जातो. प्रश्न एवढाच की तो सर्वांचा होईल तेव्हा शिल्लक असेल का?

आता तिघांना तीन विनंत्या करतो.

विद्यार्थ्यांना पहिली. महाविद्यालयातल्या प्रत्येकाने एका दैनिकाचा एक महिना घ्यावा. नुसती सूची करावी: तारीख, पान, मथळा, गाव, लेखक असेल तर त्याचे नाव. त्यात जाहिराती सोडू नका. देवस्थानच्या महाजनांच्या सभेची नोटीस, नाटकाच्या तिकिटाचा दर, हरवले-सापडले, पुण्यतिथीचा फोटो, यांतच त्या काळचा माणूस राहतो. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा पूल कोसळला. तो का कोसळला हे तांत्रिक अहवालात मिळेल. पण पणजीला कामाला आणि शिकायला येणाऱ्यांनी पुढचे दिवस कसे काढले हे शोधायचे तर स्थानिक दैनिकच उघडावे लागेल. जुन्या खिळ्यांची छपाई संगणकाला अजून नीट वाचता येत नाही, जोडाक्षरांपाशी तो अडखळतो. त्यामुळे माणसाने केलेल्या सूचीला आज तरी पर्याय नाही. एका वर्गात तीस मुले असतील तर अडीच वर्षांचे दैनिक एका सत्रात सूचीबद्ध होते.

शिक्षकांना दुसरी. तुमच्या घरी कात्रणांच्या वह्या आहेत हे मला माहीत आहे. पण कात्रणावर ना वृत्तपत्राचे नाव असते, ना तारीख. कात्री चालवताना आपल्याला वाटते, हे काय विसरण्यासारखे आहे? वीस वर्षांनी ते कात्रण कोणत्या अंकातले हे कुणालाच सांगता येत नाही. ज्यांना अजून आठवते त्यांनी या सुट्टीत बसून पेन्सिलने तारखा घालाव्यात. पेन्सिलनेच, कारण शाई त्या कागदावर फुटते. आणि त्या वह्या आपल्यामागे कुणाकडे जाव्यात हे लिहून ठेवावे. घर बदलताना किंवा वाटण्या होताना कात्रणांना वारस मिळत नाही.

लेखकांना तिसरी. गावचा इतिहास, कादंबरी, चरित्र लिहिताना आपण मुलाखतींवर फार भिस्त ठेवतो. माणसाची स्मृती प्रेमळ असते आणि म्हणूनच ती दुरुस्त्या करते. त्या दिवशीचा अंक दुरुस्ती करत नाही. तो चुकला असेल तर चुकलेला तसाच राहतो आणि ती चूकसुद्धा पुरावा असते. आपण फायली मागितल्या तर ग्रंथपालाला त्या ठेवाव्या लागतील. ज्या कपाटाची किल्ली वर्षानुवर्षे कुणी मागत नाही, ते कपाट एक दिवस हलवले जाते.

आणि अकादमीकडे एक मागणे. आपण सार्वजनिक पैशावर चालणारी संस्था आहोत. दर वर्षी आपण पुरस्कार देतो, संमेलने घेतो, ते योग्यच आहे. त्याच जोडीला, कोणत्या मराठी दैनिकाचे, साप्ताहिकाचे कोणत्या वर्षाचे अंक कोणत्या गावच्या वाचनालयात, कोणत्या संस्थेत किंवा कुणाच्या घरी आहेत, याची एक नोंदवही करावी. स्कॅनिंग मोठ्या खर्चाचे काम आहे, ते नंतर होईल. आधी काय आहे आणि काय नाही एवढे तरी कळावे. बेळगाव, हैदराबाद, बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर इथल्या मराठी संस्थांनी तेच केले, तर महाराष्ट्राबाहेरच्या मराठीचा शंभर-सव्वाशे वर्षांचा दैनंदिन हिशेब एका यादीत येईल. एका ठिकाणी तुटलेली फाईल दुसऱ्या ठिकाणी पुरी सापडेल, असे वृत्तपत्रांच्या बाबतीत नेहमी घडते.

मित्रहो, उद्या छापील अंक राहील की नाही हे माझ्या-तुमच्या हातात नाही. ते कागदाचा भाव, जाहिरात आणि वाचकाची सवय ठरवतील. छापून झालेले अंक राहतील की नाही, हे मात्र बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे. हेगडे देसाईंनी खटले सोसून, वाघमाऱ्यांनी नावे बदलून आणि कितीतरी निनावी उपसंपादकांनी रात्री जागून जे छापले, ते ओलीने आणि आळसाने जावे, हे आपल्याला शोभणार नाही. घरी गेल्यावर माळ्यावर, जुन्या ट्रंकेत, देवघराच्या कपाटाखाली काही अंक आहेत का, एवढे आधी पाहा. सापडले तर दोरीने करकचून बांधू नका, घडी उलगडून सपाट ठेवा आणि अकादमीला एका ओळीचे पत्र लिहा. पोस्टकार्ड चालेल.